‘मुक्ती कोन पथे?’ : पटवणे आणि पटणे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दादर-नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषदेपुढे केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने ओळखले जाते. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. तिच्यामागची कारणमीमांसा साडेसात महिन्यांनी नायगावला सविस्तर मांडली गेली, तीही आधी लिहून काढलेल्या मराठी भाषणात. नागरी हक्कांच्या वक्तृत्वाचा नमुना म्हणून वर्गात घ्यायला मराठीत याहून भरीव मजकूर मिळणे कठीण, आणि शिकवायला याहून अवघडही दुसरा नसेल. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये आपल्या राष्ट्राला त्याने दिलेल्या वचनांची आठवण करून दिली. नायगावचा वक्ता राष्ट्राकडे काही मागत नाही. आपल्याच माणसांनी जन्माने मिळालेला धर्म सोडावा, एवढेच तो सांगतो. युक्तिवाद ऐकून माणूस धर्म बदलू शकतो का, आणि बदललाच तर तो निर्णय ऐकणाऱ्याचा की बोलणाऱ्याचा, हा तात्त्विक प्रश्न या भाषणाच्या मुळाशी आहे.

वर्गात अशा भाषणाचे विश्लेषण बहुधा अलंकारांपाशी थांबते. पुनरुक्ती कुठे आली, प्रश्नार्थक वाक्ये किती, दृष्टान्त कोणता, हे विद्यार्थी अधोरेखित करतात आणि गुण मिळवतात. ॲरिस्टॉटलची वक्त्याची विश्वासार्हता, भावना आणि तर्क ही त्रिसूत्री वापरली तर काम थोडे पुढे सरकते. मात्र ही सगळी साधने धादांत खोट्या भाषणातही तितकीच सापडतात. या कामी भारतीय न्यायशास्त्रातला भेद अधिक उपयोगी पडतो. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडून काढणे म्हणजे वितंडा. एखादे भाषण यांपैकी कशात बसते, हे अलंकार मोजून कळत नाही. त्यासाठी एकेक विधान वेगळे काढून तपासावे लागते.

वक्त्याच्या विश्वासार्हतेचा मुद्दा मुंबईच्या उपनगरांत विशेष नाजूक होतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. अशा वस्तीतून आलेल्या मुलांना हे भाषण ऐकण्याआधीच पटलेले असते, तर त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या काहींना ते ऐकण्याआधीच टोचत असते. दोघांच्याही हाती तयार उत्तर असते. भाषणाची सुरुवात मात्र भक्तिभावाला थारा देत नाही. धर्मांतर हा पोरखेळ नाही, असे बजावून वक्ता नावाड्याचे उदाहरण देतो: प्रवासाला निघण्याआधी नावाड्याला तयारी करावी लागते, आणि किती जण येणार हे कळल्याशिवाय ती करता येत नाही. म्हणजे अनुयायांच्या होकाराची गरज वक्त्याला आहे, ही कबुली पहिल्याच टप्प्यात येते.

भावनेला आवाहन आहे, पण ते विशेषणांवर उभे नाही. अस्पृश्यांनी काय केले म्हणून त्यांना मारहाण झाली, याची यादीच भाषणात येते. मुलांना सरकारी शाळेत घातले, विहिरीवर पाणी भरले, नवरदेवाला घोड्यावर बसवले, बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणले, जमीन विकत घेतली, मेलेले जनावर ओढायला नकार दिला, बूटमोजे घालून गावातून गेले, जेवणाच्या पंगतीत पोळ्या वाढल्या. संताप येतो तो या वस्तूंच्या साधेपणामुळे. विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न असा, की येथे भावना वस्तुस्थितीच्या मागून येते की वस्तुस्थितीची जागा घेते? मागून येत असेल तर भावनेला दोष देण्याचे कारण नाही. वर्गात भावना म्हणजे फसवणूक असे शिकवण्याची जी सवय पडली आहे, ती या ठिकाणी उघडी पडते.

भाषणाचा कणा तर्काचा आहे. जुलूम थांबवायला बळ लागते आणि ते तीन प्रकारचे असते: मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. पहिले कमी, दुसरे नाहीच, तिसरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुकाट सोसण्याने खचलेले. म्हणून बळ बाहेरून आणावे लागेल, आणि ते दुसऱ्या धर्माच्या समाजात मिसळल्यानेच मिळेल. आधाराला एक उदाहरण येते: गावात मुसलमानांची दोनच घरे असली तरी त्यांच्या वाटेला कोणी जात नाही, कारण त्यांच्यामागे सगळा मुसलमान समाज उभा असतो, अस्पृश्यांची दहा घरे असूनही त्यांच्यावर अत्याचार होतो. वर्गात हे उदाहरण सोडून पुढे जाऊ नये. दोन घरांना संरक्षण मिळते ते धर्मतत्त्वांमुळे की निव्वळ संख्येमुळे? संख्येमुळे असेल, तर युक्तिवादातून एवढेच निघते की मोठ्या समाजात जावे; कोणता धर्म खरा किंवा चांगला, हे त्यातून निघत नाही. भाषणात एका धर्माची निवड केलेली नाही, याचा तर्काशी मेळ बसतो तो असा.

दुसरा युक्तिवाद वेगळ्या जातीचा आहे. व्यक्तीच्या विकासाला सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य लागते आणि हिंदू धर्मात अस्पृश्यांना यांतले काहीच मिळत नाही, असे तो सांगतो. येथे धर्माची कसोटी माणसाच्या उन्नतीवर ठेवली आहे. ती मान्य नसणारा म्हणेल की धर्म खरा असतो म्हणून पाळायचा, उपयोगी पडतो म्हणून नव्हे. हा आक्षेप पोकळ नाही आणि शिक्षकाने तो झटकून टाकू नये.

आक्षेपांना उत्तरे देण्याची भाषणातली पद्धत शास्त्रीय चर्चेतल्या पूर्वपक्षाची आहे. बापजाद्यांचा धर्म कसा सोडायचा, मुसलमान-ख्रिश्चनांतही जातिभेद आहेत त्याचे काय, राजकीय हक्कांचे काय होणार, हे प्रश्न वक्ता स्वतःच उभे करतो आणि एकेकाला उत्तर देतो. जल्पात एवढी मोकळीक प्रतिपक्षाला मिळत नसते. अर्थात पूर्वपक्षाची निवडही वक्त्याच्याच हाती असते. त्याने कोणता आक्षेप घेतला नाही, हे शोधायला लावणे हा उत्तम गृहपाठ आहे.

शेवटी वक्ता बुद्धाच्या अखेरच्या दिवसांतला शिष्य आनंदाशी झालेला संवाद सांगतो. संघाने आता दुसऱ्या कोणाच्या आधारावर न विसंबता स्वतःचाच आधार घ्यावा, असा त्याचा आशय. बुद्धाच्या उपदेशांपैकी कालाम सुत्तात याच धर्तीचे बजावणे आहे: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, नुसत्या तर्कात बसते म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नये. हजारोंच्या आदराचे स्थान असलेल्या नेत्याने निर्णय श्रोत्यांकडे सोपवणे हेही वक्तृत्वाचे तंत्र असू शकते. पण हे तंत्र श्रोत्याला प्रतिप्रश्न करण्याचा अधिकार देऊन जाते, म्हणून त्याची गणना इतरांबरोबर करता येत नाही. भाषणाचे विश्लेषण केल्याने वक्त्याचा अवमान होतो, या समजुतीला खुद्द भाषणातच आधार नाही.

पुढच्या घटनांनी दोन युक्तिवाद वेगळे करून दाखवले. १९३६ साली बोरिवलीच्या कान्हेरीत आणि अंधेरीच्या महाकालीत बौद्ध लेणी होती, पण अडीअडचणीला धावून येईल असा मोठा बौद्ध समाज महाराष्ट्रात नव्हता. बळाचा हिशेब तेवढाच खरा मानला असता, तर बौद्ध धर्म निवडण्याचे कारण उरत नव्हते. मे १९५६ मध्ये बीबीसीवरून बोलताना बाबासाहेबांनी या धर्माच्या पसंतीची कारणे सांगितली ती प्रज्ञा, करुणा आणि समता. संख्याबळाचा उल्लेख या तिन्हींत नाही. नायगावचा दुसरा युक्तिवाद वीस वर्षांनी टिकलेला दिसतो, पहिला मागे पडलेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा झाली. १९५१च्या जनगणनेत देशात सुमारे १ लाख ८० हजार बौद्ध होते. १९६१मध्ये ही संख्या सुमारे साडेबत्तीस लाखांवर गेली आणि त्यांतले सुमारे २८ लाख महाराष्ट्रातले होते.