साच्याबाहेरची कातरण

नाताळ जवळ आला की काही घरांत साखरी बिस्किटांचा घाट घातला जातो. लोणी व साखर फेसून, त्यात अंडे व मैदा मिसळून केलेला गोळा तासभर थंड ठेवतात, अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटतात आणि साच्यांनी तारे, घंटा, देवदूत कापतात. मागे उरते ती साच्याबाहेरची कातरण.

ही कातरण पुन्हा मळून लाटली की बिस्किटे कडक होतात. मग आपण म्हणतो, 'दुसऱ्या लाटणीचे पीठच वाईट.' हा न्याय आहे काय? पीठ तर एकाच गोळ्यातले. फरक पडला तो आपल्या हातांनी. वारंवार मळल्याने मैद्याचा चिवटपणा वाढला आणि पोळपाटावर भुरभुरलेला कोरडा मैदाही त्यात मुरला. तीच कातरण हळुवार एकत्र करून थोडा वेळ विसावू दिली, तर तिचा ताण सैलावतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही काही मुलांना 'कोडगी' ठरविले. आज मन विचारते, ती मुळात तशी होती, की आमच्या मळण्याने झाली? पिठाला वेदना नसते, मुलाला असते. म्हणून आमचा दोष अधिक मोठा. साचा हवाच, त्यावाचून तारा होत नाही. परंतु त्याबाहेर उरलेल्याची योग्यता ठरविण्याचा अधिकार साच्याला कोणी दिला?

यंदा शेवटच्या कातरणीची वेडीवाकडी बिस्किटेही त्याच ताटात, ताऱ्यांशेजारी ठेवू या. आणि वर्गातील त्या मुलाला पुन्हा काही सांगण्याआधी थोडा विसावा देऊ या.