लोकलाज आणि पापाची टोचणी



धानाच्या बांधीला धुरा असतो, हें गोंदिया जिल्ह्यांतील लहान मुलालाहि सांगावें लागत नाहीं. रोवणीपूर्वीं धुरा नीट करतां करतां एखाद्यानें तो शेजाऱ्याच्या बाजूस चार बोटें सरकविला, तर त्या वेळीं पाहणारा बहुधा बगळाच असतो. पुढच्या वर्षीं आणखी चार बोटें. असा मनुष्य गांवांत ताठ मानेनें चालतो, पंचांत बसतो, उपासनेंत प्रार्थनाहि करितो. त्याला लाज वाटत नाहीं. कारण लाजेला कोणीतरी पाहणारा लागतो. त्याच गांवांत एखादी बाई असते, जिला मूल झालें नाहीं, अथवा जिला नवऱ्यानें टाकून दिलें आहे. तिनें कोणाची चार बोटें जमीन घेतलेली नाहीं. तरी लग्नाच्या मांडवांत ती मागें कडेला उभी राहते, आणि बोलावल्याशिवाय पुढें येत नाहीं. दोष एकाचा आणि लाज भलत्याचीच, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब जगाचा आहे असें म्हणून सोडून देतां आलें असतें. पण तो आपल्या मंडळ्यांतहि शिरलेला आहे, म्हणून त्याविषयीं लिहावेसें वाटलें. पापाची टोचणी मनुष्याला देवाकडे, आणि ज्याचें नुकसान केलें त्याच्याकडे वळविते. लाज त्याला लोकांच्या डोळ्यांपुढून पळविते. आदामानें अंजिराचीं पानें शिवलीं तीं लाजेनें, आणि त्याच वेळीं दोष मात्र त्यानें हव्वेवर ढकलला. लाज अगदींच निरुपयोगी आहे असें माझें म्हणणें नाहीं. आईबापांची लाज धरून कित्येक तरुण दारूच्या दुकानावरून परत फिरले आहेत. परंतु दुकानाशीं कोणी ओळखीचें नसेल त्या दिवशीं काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्या गोंदियावरून नागपूर ते राजनांदगांव हा लोहमार्ग जातो. 1893 सालीं नारायण वामन टिळक या मार्गानें राजनांदगांवास निघाले असतां गाडींतील एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नवा करार दिला, आणि 1895 च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही कथा आपण पुष्कळदां सांगतों. पण त्या बातमीनें त्यांच्या पत्नीवर काय गुदरलें, तें उपदेशांत क्वचितच येतें. लक्ष्मीबाईंनीं स्वतः तें ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. त्याचा पहिला भाग 1934 सालीं निघाला. धर्म बदलला पतीनें, आणि लोकांपुढें तोंड लपविण्याची पाळी आली पत्नीवर. तिचा अपराध कोणता? कांहींच नाहीं. पुढें 1900 सालीं तिनेंहि बाप्तिस्मा घेतला. पण तत्पूर्वीं जातिभेद देवानें केलेला नाहीं, माणसानें केला आहे, हें तिच्या मनाला आपोआप पटलें, आणि दुसऱ्याच्या हातचें खाण्यापिण्याची जन्माची भीति गळून पडली. मला या ठिकाणीं तिच्या वडिलांची आठवण होते. सोवळ्याच्या नांवाखालीं त्यांच्या धुण्याला सीमा नसे; सारें घर त्यानें गांजून गेलें होतें. दोष नसतांना धूत राहणें तें हें. उलट पिलातानें लोकसमुदायासमोर पाणी घेऊन हात धुतले, आणि दोष जागच्या जागींच राहिला. पाण्याला एक कळत नाहीं आणि दुसरेंहि कळत नाहीं.

आतां उपदेशक बंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या मंडळ्यांत असे पुष्कळ आहेत, ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें कीं, तुमच्या सावलीनें विटाळ होतो. 1950 सालीं संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नाहींशी केली. पण कायद्यानें गेलेली वस्तु मनांतून त्याच दिवशीं जाते असें नाहीं. अशा लोकांपुढें उभें राहून ‘तुम्ही मलिन आहां, तुम्ही कवडीमोल आहां’ असें आपण गर्जून सांगितलें, तर ऐकणाऱ्याला त्यांत शुभवर्तमान ऐकूं येत नाहीं. गांवच्या जुन्या पाटलाचा आवाज ऐकूं येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांबरोबर लक्षावधि लोकांनीं दीक्षा घेतली, त्यांत आपल्या भागांतून गेलेल्यांचीं घरें आपल्या शेजारींच आहेत. त्यांची वाट आपली नव्हे. तथापि त्या दिवशीं त्यांनीं जें ओझें खालीं टाकलें तें लाजेचें होतें, आणि तें टाकण्याजोगेंच होतें, हें कबूल करण्यांत आपलें कांहीं जात नाहीं. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारिलें, तेव्हां प्रभूनें त्याचेंहि नाहीं आणि त्याच्या आईबापांचेंहि नाहीं असें उत्तर दिलें. त्यानें नाहीं म्हटलें तेथें आपण होय म्हणूं नये.

मीं हें शहाणपण पुस्तकांतून शिकलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान मंडळींतील एक मुलगी एका तरुणाबरोबर निघून गेली, आणि चार महिन्यांनीं एकटीच परत आली. पंचांनीं ठरविलें कीं, तिनें रविवारीं सर्वांसमोर उभें राहून पाप कबूल करावें, मग तिला प्रभुभोजनास घ्यावें. त्या पंचांत मी होतों. ती उभी राहिली. जें सांगावयास सांगितलें होतें तें तिनें खालीं पाहून सांगितलें, आणि आम्हीं गीत म्हटलें. त्या दिवसानंतर ती उपासनेला आली नाहीं. पुढें नागपुरास कामाला गेली. तिला फसविलें कोणी, तिच्याजवळचे पैसे कोणीं नेले, हें आमच्यापैकीं एकानेंहि विचारलें नव्हतें. आम्ही टोचणी शोधावयास गेलों, आणि लाज देऊन परत आलों.

यहूदाची गोष्ट तेव्हांपासून मला निराळी वाटूं लागली. त्याला टोचणी लागली होती. तीस रुपये त्यानें परतहि नेले. आणि निर्दोष रक्ताचा अपराध केला असें तो मोठ्यानें बोलला. याहून अधिक कबुली आपण कोणाकडून मागतों? पण ज्यांच्याकडे तो गेला त्या याजकांनीं त्याचें तें तो पाहो असें म्हणून हात झटकले. पेत्राचें पाप कांहीं लहान नव्हतें. त्याला मात्र सकाळीं तलावाच्या कांठीं निखाऱ्यांवर भाजलेली मासळी, भाकर आणि तीन प्रश्न मिळाले. दोघांच्या अंतांत जें अंतर पडलें त्याचा कांहीं भाग तरी त्यांना भेटलेल्या माणसांत आहे, असें मी समजतों. रात्रीं दार ठोठावून कोणी आपलें पाप सांगावयास आला, तर त्याला आपल्या घरीं याजक भेटणार आहेत कीं निखारे, याचा उपदेशक बंधूंनीं विचार करावा.

असा एक मनुष्य माझ्याकडे आला होता. तो धुऱ्यावालाच होता. रविवारीं मंडळीसमोर उभा राहूं काय, असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, मंडळीची जमीन तूं घेतली नाहींस. जक्कयानें चौपट परत करण्याचें बोलून दाखविलें तें ज्यांचें घेतलें त्यांना. आणि तेंहि प्रभु त्याच्या घरीं उतरल्यावर, आधीं नव्हे. दुसऱ्या दिवशीं उजाडतां तो फावडें घेऊन शेजाऱ्याच्या दारीं गेला. शेजारी प्रथम पुष्कळ शिव्या देऊन बोलला, मग स्वतःचेंहि फावडें घेऊन आला. धुरा मागें गेला. लोकांना कळलेंहि नाहीं.

एकांतांत घेतलें तें एकांतांत परत देतां येतें. पण आम्हीं त्या मुलीचें जें घेतलें तें सर्वांदेखत घेतलें. तिच्या आईच्या घरीं जाऊन मीं क्षमा मागितली. आईनें पाणी दिलें, बोलली नाहीं. म्हणून पंचांपुढें मीं असें मांडलें आहे कीं, ज्या ठिकाणीं तिला उभें केलें त्याच ठिकाणीं आपण उभें राहून आपली चूक सांगावी, आणि तें तिच्या आईनें ऐकावें. एकाला तें पटलें आहे. एक म्हणतो, जुनी गोष्ट उकरूं नये, मंडळीची लाज जाईल. धान कापून झाल्यावर पुन्हां बैठक आहे.