घरच्या माणसाची मजुरी

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावात सोयाबीनचे पैसे हातात आले आणि ते पुरणार नाहीत हेही कळलं, की घर जोडधंद्याचा विचार करू लागतं. शिवणकाम, बांबूच्या टोपल्या, बंजारा भरतकाम, काहीही असो; नवरा-बायको मिळून बसतात तेव्हा यंत्राचा, कच्च्या मालाचा, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब होतो, कष्टाचा होत नाही. ‘घरच्या माणसाला कसली मजुरी?’ या एका प्रश्नात तो विषय मिटतो. माझ्या मते अशा धंद्याचं पहिलं नुकसान तिथेच होतं. बांबू आणि गाडीभाडं एवढंच धरून टोपलीचा भाव ठरवला, तर चार पैसे उरल्यासारखे वाटतात. मोठी मागणी येते, बाहेरचा माणूस लावावा लागतो, तो रोज मागतो आणि तेव्हा उमगतं की भावात मजुरीला जागाच ठेवलेली नव्हती. मग मागणी नाकारायची, नाहीतर घरच्यांनीच रात्री जागायच्या. बहुतेक घरं जागतात.

ही बिनहिशेबी मेहनत कुणाची असते, हेही पाहायला हवं. कोल्हापुरी चपलेची वेणी आणि शिलाई बहुधा बायका करतात, कारागीर म्हणून नाव मात्र पुरुषाचं होतं. सरकारही याच वळणावर जातं. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना टोपल्या विणणाऱ्यांपासून शिंप्यापर्यंत 18 व्यवसायांना आधार देते, पण एका कुटुंबातल्या एकालाच; आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुलं. लाभ जास्त घरांत पोचावा हा हेतू समजण्यासारखा आहे. तरी दोघांनी मिळून चालवलेल्या कामात ओळखपत्र एकाचं होतं, आणि दुसरी ‘हातभार लावते’.

घरची मजुरी हिशेबात धरण्यावर एक आक्षेप वजनदार आहे. रशियन अर्थशास्त्रज्ञ चयानोव यांनी शेतकरी कुटुंबांबद्दल 1920 च्या दशकात मांडलं होतं की घरची मजुरी खर्चात धरली जात नाही, म्हणूनच जिथे मजूर लावणारा मालक बुडेल तिथे कुटुंब तग धरतं. हे खरं आहे, आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण तग धरणं ही वाईट सालाची युक्ती आहे. तीच कायमची पद्धत झाली तर भाव वर चढायला कारणच उरत नाही. शिवाय मजुरी लिहिणं म्हणजे ती लगेच देणं नव्हे. पहिलं वर्षभर ती वहीत नुसती येणं म्हणून राहिली तरी भाव ठरवताना समोर असते.

दुसरा आक्षेप मायेचा: घरात वही आली की घराची पेढी होते. मला तो पटत नाही. वही नसते तेव्हाही हिशेब असतोच, फक्त तो मनात साठतो आणि वाटणीच्या दिवशी बाहेर येतो. 1959 मध्ये गिरगावात 7 जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये प्रत्येकीच्या लाटण्याचा मोबदला मोजला जातो, आणि तरी त्या एकमेकींना बहिणीच म्हणतात. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन केली, तेव्हा कायद्याची सक्ती नव्हती. त्या घरांतला संसार त्यामुळे उणा झाला असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. सून शिवायला बसते तेव्हा सासू भाकरी थापते, पोर सांभाळते. तिनं सुईला हातही लावलेला नसतो. 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटं निघाला, तर पुरुषांचा 88. एवढं सगळं धंद्याच्या वहीत घालायचं म्हटलं तर कुठलीच टोपली विकली जाणार नाही, आणि काहीच घातलं नाही तर निम्मा धंदा अदृश्य राहील. मी रेघ अशी ओढेन: उद्या ती व्यक्ती आठ दिवस आजारी पडली, तर धंदा चालू ठेवायला जे काम पैसे देऊन करून घ्यावं लागेल, ते आजपासून लिहायचं. सासूबाईंचं काही काम या रेघेच्या आत येईल, काही बाहेर राहील. कोणतं कुठे, हे ठरवताना त्यांना विचारायला हवं.