जाग आली म्हणजे स्वप्न तुटले का?

आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळणे, या अनुभवाची सध्या चलती आहे. मनगटावरची घड्याळे रात्रीचे आलेख काढून देतात आणि आठवड्यात अशी किती स्वप्ने 'जमली' याचे आकडे माणसे एकमेकांना सांगतात. या मोजदादीतला एक नियम मला अगदी उथळ वाटतो: मधे जाग आली की आधीचे स्वप्न संपले, पुढचे नवे. तो शास्त्रीय भासतो, कारण त्याच्या पाठीशी घड्याळ आहे.

पण घड्याळाला कळते काय? हालचाल आणि नाडी. सरावलेला माणूस जाग येताच डोळे उघडत नाही, कूस बदलत नाही, निश्चल पडून राहतो आणि कधी कधी सोडलेल्या स्वप्नात परततो. नेमकी हीच जाग घड्याळाच्या हातून निसटते. उलट, 'उठलो, दिवा लावला, वही उघडली' असे स्वप्नच पडते, तेव्हा माणूस त्यालाच जाग समजून बसतो. प्रयोगशाळेचा हवाला द्यावा, तर तिथेही रात्र 30-30 सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. तुकड्याचा मोठा भाग झोपेत गेला की आख्खा तुकडा झोपेच्या खात्यात जमा. ही सोयीची पद्धत आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे. पण तिच्यावरून फार तर झोप मोडली की नाही हे ठरेल. स्वप्न मोडले की नाही, हा प्रश्नच वेगळा. 1975 साली हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी झोपलेल्या माणसाकडून डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींतून 'मी स्वप्नात आहे' अशी खूण मिळवली. ती यंत्राने टिपली खरी, पण द्यावी लागली स्वप्नात जागे असणाऱ्यानेच.

स्वप्न म्हणजे उठल्यावर रचलेली गोष्ट, असे म्हणणाऱ्यांना त्या खुणेने उत्तर दिलेच आहे.

मग मोजायचे कशाने? मिरकरवाडा बंदरातून सुटलेल्या ट्रॉलरवरचा खलाशी जाळे पाण्यात असेपर्यंत डोळा लावतो, तांडेलाच्या हाकेने उठतो, जाळे ओढतो, पुन्हा आडवा होतो. 'मघाचंच स्वप्न पुढं लागलं,' असे तो म्हणाला, तर त्यात दोन गोष्टी असू शकतात. तीच होडी, तोच किनारा पाहून उठल्यावर त्याने दोन टोके जोडली असतील. किंवा स्वप्नात परत शिरतानाच त्याला ठाऊक असेल, की मी इथून मघाशी उठलो होतो. माझ्या लेखी सगळा फरक या दोहोंतच आहे: जुळवलेले आणि आठवलेले.

हा वाद आपल्याकडे जुनाच. 'गाढ झोपलो होतो, काही कळले नाही' हे उठल्यावरचे बोलणे वेदान्ती स्मरण मानतो, नैयायिक अनुमान. गाढ झोपेपुरता निवाडा मी करणार नाही. पण स्वप्नांच्या मधे येणाऱ्या जागेपुरते दोन्ही घडते, आणि स्वप्नांची वही लिहिणाऱ्याने ते वेगळे लिहिलेच पाहिजे. पहाटेकडे तर विशेषच, कारण स्वप्नांच्या झोपेचे टप्पे तेव्हा लांबतात आणि जागही वारंवार येते.

तुकोबांची नोंद यासाठी मला फार मोलाची वाटते. स्वप्नातल्या गुरूपदेशाची तिथी आणि वार त्यांनी सांगितले. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले तेही सांगितले. आणि स्वप्नातच त्याचा विसर पडला, हेही लपवले नाही. ते स्वप्न जाणतेपणाचे होते असा माझा दावा नाही. मात्र विसरलेली जागा त्यांनी कल्पनेने भरून काढली नाही.

वहीतही तसेच व्हावे. परतताना आधीचे ठाऊक होते, तर मधे जाग येऊनही स्वप्न एकच. उठल्यावर जुळवले असेल, तर तसे लिहावे. आणि यातले काहीच सांगता येत नसेल, तर एक की दोन हा आकडा घालूच नये, मग महिन्याची बेरीज अपुरी राहिली तरी चालेल.