न दिसणे निर्दोष असते काय?

सावंतवाडीहून बांद्याकडे जाताना इन्सुलीचा घाट लागतो. साध्या सायकलने घाट चढणाऱ्यास बहुधा उतरून चालावे लागते. हँडल धरून धापा टाकीत चाललेल्या या माणसाला वळणावर पिशवी उतरवून बसलेली वृद्धा दिसते. ओळख असो वा नसो, दोन शब्द होतात. मोटारीतून जाणाऱ्यास ती दिसतच नाही. मग तिच्या ओझ्याविषयी त्याचे काही कर्तव्य उरते काय?

यरीहोच्या वाटेवरील याजकाने व लेव्याने जखमीला पाहिले आणि ते बाजूने निघून गेले. त्यांचा दोष उघड आहे. आपण पाहतच नाही, आणि त्यालाच निर्दोषपणा समजतो. पण वर चढवलेली काच आपणच चढवलेली असते ना?

तथापि वेगालाच पापी ठरवणे मला फार सोयीचे वाटते. इटलीचा जिनो बार्ताली हा वेगाचाच माणूस. १९३८ व १९४८ साली त्याने ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. परंतु याद वाशेम संस्थेने २०१३ साली त्याचा गौरव केला तो शर्यतींसाठी नव्हे. महायुद्धात सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्सहून असिसीकडे, डोंगराळ वाटांनी, सायकलीत बनावट ओळखपत्रे लपवून त्याने ज्यूंना वाचविण्यास हातभार लावला, याबद्दल तो होता. त्या कागदांवर ज्यांचे प्राण अवलंबून होते, त्यांतील बहुतेकांना त्याने कधी पाहिलेही नसेल.