गृहीत : घेतलेले आणि धरलेले

‘अझ्यूम’ या इंग्रजी क्रियापदाला ‘गृहीत धरणे’ हा मराठी प्रतिशब्द इतका रुळला आहे की आता तोच गृहीत धरला जातो. मूळ शब्दाची व्याप्ती वस्तुतः बरीच मोठी आहे. पुराव्याविना एखादी गोष्ट खरी मानणे हा त्याचा एक अर्थ. पदभार स्वीकारणे हा दुसरा. आव आणणे हा तिसरा. आणि नसलेला अधिकार स्वतःकडे घेणे हा चौथा. लॅटिन मुळात ‘स्वतःकडे घेणे’ एवढीच क्रिया आहे. मराठी हे अर्थ निरनिराळ्या शब्दांत वाटून टाकते. ही वाटणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे ज्ञानातले घेणे आणि सत्तेतले घेणे यांचे नाते झाकले जाते.

व्याकरण येथे उद्बोधक आहे. ‘गृहीत’ हे ‘ग्रह्’ धातूचे कर्मणि भूतकालवाचक रूप. म्हणजे ‘घेतले गेलेले’. कोणी घेतले, हे ते सांगत नाही. वाक्यातला कर्ता केवळ ‘धरतो’. घेण्याची क्रिया त्याच्या आधीच कोठेतरी उरकलेली असते. (व्युत्पत्तीतून नीती सिद्ध होत नाही, हे मान्यच आहे, पण शब्दाच्या घडणीतून संशय घेण्याजोगी जागा कळते.) न्यायदर्शनातला अभ्युपगम सिद्धान्त याहून वेगळा आहे. तेथे अपरीक्षित गोष्ट तात्पुरती मान्य केली जाते, ती तिच्या विशेषांची परीक्षा करण्यासाठी. आणि मान्य करणारा वादसभेत समोर बसलेला असतो. गाडामर पूर्वग्रहाला आकलनाची अट मानतो, तेव्हा तोही पूर्वग्रह पणाला लावण्याविषयीच बोलत असतो. आपण मात्र मराठीत माणसांनाही गृहीत धरू लागलो आहोत. घरातल्या बाईला गृहीत धरले जाते, म्हणजे तिला विचारले जात नाही.

न विचारण्याची ही क्रिया अर्थनिर्णयाच्या रूपाने कशी अवतरते, याचे ठळक उदाहरण साताऱ्यात सापडते. 1819 च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंहांना जे राज्य दिले, ते त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांनाही कायमचे दिलेले होते. 1839 मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी यांना गादीवर बसवण्यात आले. शहाजी 1848 मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आता प्रश्न एका शब्दाचा उरला : ‘वारस’ म्हणजे कोण? धर्मशास्त्राच्या दृष्टीने दत्तक हा पुत्रच. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तकाची बाजू घेतली; त्यांच्यानंतर आलेल्या फॉकलंड यांनी विरुद्ध मत दिले. डलहौसीने राज्य खालसा करण्याचा पक्ष मांडला आणि 1849 च्या आरंभी कंपनीच्या संचालकांनी तो मान्य केला. अंकित संस्थान सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून दत्तकाकडे जाऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

तहातला ‘वारस’ हा शब्द कोणी खोडला नाही. फक्त तो वाचताना संमतीची अट त्यात आधीपासूनच आहे, असे धरले गेले. आणि ज्याने धरले त्याच्याच हाती राज्य आले. ‘अझ्यूम’चा पहिला आणि चौथा अर्थ येथे एकाच वाक्यात उभे राहतात. संहितेत अर्थ वाचकच आणतो, हे विधान आपण वर्गात फार सहजपणे करतो. डलहौसीही वाचकच होता. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी यांनी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहून छत्रपतींची बाजू लढवली. परंतु निर्णय करणारी वाचकसभाच तहातील एक पक्ष होती.

सुमारे शंभर वर्षांनी याच मुलखात उलटी घटना घडली. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते (दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले). 1943 ते 1946 या काळात नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे प्रतिसरकार चालवले. कुंडल हे त्याचे मोठे केंद्र. ते औंध संस्थानात होते आणि त्या संस्थानाच्या राजाने 1939 मध्ये स्वतःची सत्ता प्रजेकडे सोपवली होती. घेतलेले सोडण्याचे असे उदाहरण विरळाच. इंग्रजांच्या कचेऱ्या बंद पडल्या नव्हत्या. पण गावोगावी न्यायदान मंडळे बसू लागली, बिनखर्चाची लग्ने लागू लागली, तुफान सेना उभी राहिली. तंटा कचेरीतच न्यायचा असतो ही समजूत सुटली, तेव्हा कचेरी कशावर उभी होती तेही दिसले.

येथे ‘अझ्यूम’चा दुसरा अर्थ लागू करायचा की तिसरा? राज्यकर्त्यांच्या लेखी हा आव होता. मंडळांच्या लेखी स्वीकारलेले पद. माझ्या मते पद हीच संज्ञा रास्त, कारण पंच ज्यांच्यावर अधिकार चालवत, त्यांच्याच समोर बसत आणि त्यांच्याच गावात राहत. तरीही या मंडळांनी शिक्षाही केल्या, आणि शिक्षेचा अधिकार त्यांनी स्वतःच हाती घेतला होता. गाव गप्प राहिले असेल, तर ते संमतीने की धाकाने? या चळवळीची हकिगत बरीचशी चळवळीतल्यांनीच सांगितलेली असल्याने तिच्यातून याचे उत्तर सहजी मिळत नाही. संमती तेथेही बहुधा गृहीतच असते. ‘प्रतिसरकार’ हे नाव चालवणाऱ्यांच्या बाजूचे आहे. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे ‘पत्री सरकार’ झाले आणि त्या नावाबरोबर तळपायांना पत्रे ठोकल्याच्या कथाही फिरल्या. त्या कथा खऱ्या किती, हा प्रश्न इतिहासकारांचा. ‘प्रति’ ऐकणाऱ्याच्या कानी ‘पत्री’ का पडले, हा आपला.