उष्टं नक्की काय झालं?



आजचा श्लोक गीता, अध्याय ९, श्लोक २६. पान, फूल, फळ, पाणी, काहीही भक्तीने दिलं तर मी ते स्वीकारतो, असं भगवंत सांगतात तो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. मलाही आहे. रविवारी सकाळी पूजेनंतर मी तो मोठ्याने म्हटलासुद्धा. आणि दुपारच्या आत त्याच श्लोकात नापास झालो.

बायकोचा वाढदिवस होता. तिला आंबटगोड आवडतं, म्हणून लिंबाचा पाय करायचा ठरवला, ओव्हन न लागणारा. मारी बिस्किटांचा चुरा वितळलेल्या बटरमध्ये कालवून भांड्याच्या तळाशी दाबून बसवायचा. वर कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, थोडं फ्रेश क्रीम, सहा-सात लिंबांचा रस आणि किसलेली साल. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग घ्यायचा, आतला पांढरा कडू लागतो. लिंबाच्या आम्लामुळे दुधातली प्रथिनं घट्ट होतात आणि फ्रिजमध्ये पाच-सहा तासांत मिश्रण छान बसतं. फ्लोरिडातल्या प्रसिद्ध की लाइम पायमध्ये अंड्याचा बलक असतो. तो मी घेतला नाही, कारण आमच्याकडे नवा पदार्थ आधी देवापुढे जातो.

अडचण इथेच होती. नैवेद्याचा पदार्थ चाखायचा नाही, हा आईचा नियम. माझं काम सॉफ्टवेअरचं. टेस्ट न करता काही पुढे पाठवायचं म्हणजे जीव खालीवर होतो. लिंबू जास्त झालं असेल तर? तरी मी मोह आवरला. आणि मी भांडं शोधायला वळलो तेवढ्यात आमच्या पाच वर्षांच्या मुलीने मिश्रणात बोट बुडवून चाटलं, आणि पुन्हा बुडवलं.

"बाबा, मस्त झालंय!"

मी ओरडलो, "उष्टं केलंस सगळं!" ती डायनिंग टेबलाखाली जाऊन बसली आणि हुंदके द्यायला लागली.

आई आतून आली. मला काहीच बोलली नाही. देवापुढे वाटीत चिमूटभर साखर ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "झाला नैवेद्य. हे आता सुनेसाठी." मग नातीला बाहेर काढायला गेली.

रात्री श्लोक पुन्हा उघडला. त्या दोन ओळींत भक्ती दोनदा येते, आणि शेवटी देणाऱ्याबद्दल एक शब्द येतो, प्रयतात्मा. म्हणजे ज्याचं मन शुद्ध आणि आवरलेलं आहे असा. वस्तू तर कुणालाही मिळेल अशीच सांगितली आहे. अट आहे ती देणाऱ्याच्या मनावर. आता खरं सांगतो, माझं मन तेव्हा स्टेटसला टाकायच्या फोटोत होतं. म्हणजे पोरीचं बोट बुडायच्या आधीच नैवेद्यात खोट होती.

मग चाखायचं नाही हा नियम निरर्थक का? शबरीने तर बोरं चाखून दिली, असं कुणी म्हणेल. वाल्मीकी रामायणात ते चाखणं नाही, ती पुढच्या परंपरेतली गोष्ट. पण त्या गोष्टीतही ती चाखते ती रामाला आंबट बोर जाऊ नये म्हणून. मला चाखायचं होतं ते मला कुणी नाव ठेवू नये म्हणून. म्हणून माझ्यासारख्याला तो नियम हवाच. पहिला घास माझा नाही, हे तो शिकवतो. चूक एवढीच झाली की स्वतःला लावायचा नियम मी लेकरावर उगारला. जिभेला चव घेऊ दिली नाही, पण वाटेल ते बोलू मात्र दिलं.

झोपायच्या आधी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "पण बाबा, मस्तच झालं होतं ना?" खरं तर मध्यभागी जरा सैल राहिलं होतं आणि आंबटही जास्त होतं. बायकोने तरी दोनदा घेतलं.

तुमच्या घरात असा कुठला नियम आहे, जो देवासाठी सुरू झाला आणि माणसांवर ओरडायला वापरला जातो? आज झोपताना आठवून बघा. उद्या श्लोक २७.

राम कृष्ण हरी!